शंभर लिटर पेट्रोल साठवण्याआधी जनरेटरच्या तासांचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोली तालुक्यात, गावापासून जरा आत घर. पाच माणसं, त्यात इन्सुलिनवर असलेली आई. दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर, १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर, विहिरीवर एक एचपीची मोटर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर वीज यायला फार दिवस लागले, म्हणून यंदा आगोटीच्या (पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या) सामानाबरोबर शंभर लिटर पेट्रोल निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात भरून ठेवायचं म्हणताय. पिंप कुठे ठेवावं आणि पेट्रोल किती दिवस टिकेल, हे विचारलंय.

पिंप भरूच नका. ते कायद्यात बसत नाही आणि प्लॅस्टिकचं पिंप पेट्रोलसाठी नसतंच, ही कारणं खाली येतीलच. त्याआधी एक सरळ गोष्ट: तुम्हाला शंभर लिटर लागतच नाही. हा आकडा बहुधा ‘जनरेटर रोज दहा तास, बारा दिवस’ अशा गुणाकारातून आला असावा. दोन केव्हीएचा साधा जनरेटर हलक्या भारावर तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितो, म्हणजे दिवसाला आठ लिटर, बारा दिवसांचे शंभर. गणित बरोबर आहे, दहा तास चूक आहेत. साठा ठरवताना ‘किती इंधन मावेल’ इथून सुरुवात करू नये. काय चालू राहिलंच पाहिजे आणि ते दिवसातून किती तास, इथून करावी.

तुमच्या घरात ते काय आहे? पाणी, थोडा उजेड, मोबाइल, एखादा पंखा आणि फ्रिज, तोही पूर्ण वेळ नाही. यातलं पाणी अर्ध्या तासाचं काम आहे. विहीर फार खोल नसेल तर एक एचपीची मोटर तेवढ्यात हजार लिटरची टाकी भरते. फ्रिज दिवसातून तीन तास चालला आणि दार कमीत कमी उघडलं तर आतला थंडावा बऱ्यापैकी टिकतो. फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर आणखी बरं. बाकीचं रात्री इन्व्हर्टरवर.

आता इन्व्हर्टरची गोम. घरगुती इन्व्हर्टर बॅटरीला साधारण १५ अँपिअरने चार्ज करतो. जनरेटर दोन केव्हीएचा असला तरी बॅटरी तेवढाच घोट घेते. तीन तास चालवलात तर जेमतेम ४५ एएच (अँपिअर-तास) परत जातात. १२ व्होल्टला ते ५४० वॉटअवर, आणि इन्व्हर्टरमधली गळती धरून हातात येतात सव्वाचारशे-साडेचारशे. चार नऊ वॉटचे दिवे पाच तास म्हणजे १८०, पाच मोबाइलचे मिळून ७५. उरले १८० च्या आसपास. जुना सत्तर-पंचाहत्तर वॉटचा पंखा त्यावर अडीच तास फिरेल, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा तीस वॉटचा पंखा सहा तास. म्हणून कोणी इंधनाबद्दल विचारलं की मी आधी आईच्या खोलीतला पंखा बदलायला सांगतो. ते पैसे पेट्रोलच्या कॅनमध्ये घालण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात, आणि पंखा पेट घेत नाही.

तर दिवसाला तीन तास, एकाच बैठकीत: आधी मोटर, मग फ्रिज आणि इन्व्हर्टर एकदम. अडीच लिटर पेट्रोल. दहा दिवसांचे पंचवीस लिटर. जनरेटरच्या टाकीत असतं ते वेगळं. वीज त्याहून जास्त दिवस गेली तरी तोवर दापोलीचा रस्ता मोकळा होऊन पंपावर जाता येईल असं धरायला हरकत नाही. एवढ्या मर्यादेत राहणं माझ्या मते शहाणपणाचं.

यात एक मोठा अपवाद. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर वरचं सगळं गणित कोलमडतं. पाच लिटरचं यंत्र सतत तीन-साडेतीनशे वॉट घेतं, म्हणजे चोवीस तासांत आठ युनिटच्या आसपास. तिथे साठा वाढवत बसू नये. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात आणून ठेवावा आणि वादळाचा इशारा मिळताच पेशंटला तालुक्याच्या गावी हलवावं. इन्सुलिनचं तसं नाही. वापरात असलेली व्हायल किंवा पेन साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालतं, फक्त तीस अंशांच्या आत राहिलं पाहिजे. ओल्या कापडात गुंडाळलेलं छोटं मडकं त्याला पुरतं. न उघडलेल्या व्हायली फ्रिजमध्ये राहू द्या. तुमच्या ब्रँडचा नेमका कालावधी डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारून मडक्यावरच लिहून ठेवा.

कायदा काय म्हणतो ते आता. पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार पेट्रोल ‘अ’ वर्गात येतं. विकण्यासाठी नसलेलं ‘अ’ वर्गातलं पेट्रोलियम परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, आणि तेही घट्ट बुचाच्या धातूच्या भांड्यात, एक भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं असेल तर मर्यादा एकच लिटर. प्लॅस्टिकचं नाव त्या यादीत नाही. गाडीच्या किंवा एका जागी बसवलेल्या इंजिनाच्या मालकाला १०० लिटरपर्यंतची वेगळी सवलत आहे, पण ३० च्या वर गेलात की साठा राहत्या खोल्यांशी न जोडलेल्या स्वतंत्र बांधकामात ठेवावा लागतो. तुमच्या पंचवीस लिटरना ही कसरत करायची गरज नाही. डिझेलचा वर्ग ‘ब’. ते परवान्याशिवाय २५०० लिटरपर्यंत चालतं, म्हणून ट्रॅक्टरवाल्याच्या घरी डिझेलचं बॅरल दिसतं आणि कोणी काही म्हणत नाही. ते पाहून पेट्रोलचं पिंप भरू नये.

हा फरक कागदावरचा नाही. डिझेल साध्या हवेत काडी लावली तरी सहजी पेटत नाही. पेट्रोलची वाफ मात्र शून्याखाली चाळीस अंशांनाही पेटण्याइतकी निघते, आणि ती हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती वर जात नाही, जमिनीसरशी सरकते. पडवीत झाकण सैल राहिलेला कॅन असेल तर वाफ उंबऱ्यावरून आत येते, ओटीवरून माजघरात, आणि देवघरातल्या समईपर्यंत पोचते. वास येणाऱ्याला वाटतं, कॅन तर तिकडे लांब आहे. पेटते समईजवळ, आणि ज्योत वाफेच्या वाटेने उलटी कॅनपर्यंत जाते. म्हणून जिन्याखाली, माळ्यावर, इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी किंवा गॅसच्या शेगडीच्या भिंतीपलीकडे कॅन नको. घरापासून वीस-पंचवीस फुटांवर खोपी असेल, तिला खालून हवा खेळती असेल, ऊन थेट येत नसेल आणि पुराचं पाणी तिथवर चढत नसेल, तर ती जागा. खोपीत गवताचे भारे किंवा गोवऱ्या भरलेल्या असतील तर नाही.

भांडी: दणकट पत्र्याचे, पेट्रोलसाठीच बनवलेले जेरीकॅन घ्या. एक वीस लिटरचा आणि एक पाचचा घेण्यापेक्षा दहा-बारा लिटरचे दोन आणि पाचचा एक बरा. वीस लिटरचा भरलेला कॅन अठरा-एकोणीस किलोचा होतो. पावसात, अंधारात, तिरका धरून जनरेटरच्या टाकीत ओतताना तो हमखास सांडतो. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा चालणार नाही, त्याचं झाकण वाफ धरत नाही. कॅन गळ्यापर्यंत भरू नका. दहा लिटरच्या कॅनमध्ये साडेनऊच. पेट्रोल तापमानाच्या दर अंशाला हजारात एक भाग फुगतं, वर वाफेचा दाब येतो. उघडताना झाकण थोडं सैल करायचं, फुस्स आवाज संपू द्यायचा, मग काढायचं. नवा कॅन आणल्यावर आधी दोन लिटर घालून, बाहेर सावलीत, खाली वर्तमानपत्र घालून आडवा ठेवा. तासाभरात कागदावर डाग उमटला तर वॉशर बदला. वॉशर इथेनॉल सोसणारा हवा, साधं रबर फुगून मऊ पडतं. आणि आपल्या खाऱ्या हवेत कॅनचा तळ पहिल्यांदा गंजतो, म्हणून मातीवर किंवा लादीवर न टेकवता लाकडी फळीवर ठेवा.

किती दिवस टिकेल याचं उत्तर आता पूर्वीसारखं नाही, कारण पंपावर मिळणारं पेट्रोल आज वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. मिश्रण थोडं पाणी पोटात ठेवतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं आणि वर नुसतं, कमी ऑक्टेनचं पेट्रोल तरंगतं. जनरेटर तळातून ओढतो, म्हणजे नेमकं खालचंच. इंजिन दोनदा फुसफुसतं आणि बंद पडतं. जून-जुलैच्या कोकणी हवेत अर्धवट भरलेला, वारंवार उघडलेला कॅन महिनाभरातही दगा देऊ शकतो. घट्ट बंद, जवळपास भरलेला, सावलीतला कॅन दोन महिने निर्धास्त, तीन महिने ताणून. मी दोनच धरतो. शंका असेल तर तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत काढा आणि दहा मिनिटं हलवू नका. दोन थर दिसले किंवा ते गढूळ दिसलं, तर ते गाडीत घालायचं नाही. वार्निशसारखा आंबूस वास आला तरी तेच. स्टॅबिलायझर नावाची बाटली मिळते. तिने पेट्रोल चिकट होणं लांबतं, शिरलेलं पाणी मात्र जात नाही.

म्हणून साठा फिरता ठेवायचा. मे महिन्याच्या वीस तारखेच्या सुमारास भरा, कॅनवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. वीस जुलैच्या आसपास ते बाइकमध्ये, कारमध्ये संपवा आणि ताजं आणा. सप्टेंबरात पुन्हा तसंच. गणपती झाले की पाऊस ओसरला म्हणून बरेच जण साठा मोडतात. अरबी समुद्रात वादळाचे हंगाम दोन असतात, मे-जून आणि पावसाळ्यानंतरचा. फयान वादळ २००९ मध्ये ११ नोव्हेंबरला आलं होतं. नोव्हेंबर संपेपर्यंत एक फेरी चालू ठेवा.

साठ्याची सर्वांत चांगली जागा मात्र कॅन नव्हे, गाडीची टाकी. ती कायद्यात बसते, बंद असते आणि आपोआप फिरती राहते. मे ते नोव्हेंबर कारचा काटा अर्ध्याखाली जाऊ द्यायचा नाही एवढा नेम पाळलात तर पंधरा-वीस लिटर कायम हाताशी. तिथून काढायचं असेल तर हातपंपाच्या नळीने. तोंडाने ओढू नका. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो. नव्या गाड्यांच्या टाकीत नळी आत जात नाही, ते आधीच तपासून ठेवा.

मिळवण्याबद्दल. कॅनमध्ये पेट्रोल द्यायचं की नाही, यावर पंपावर हुज्जत होते. प्लॅस्टिकच्या बाटलीत देत नाहीत आणि ते योग्यच आहे. पत्र्याचा कॅन, दुपारची मोकळी वेळ आणि ओळखीचा पंप असला तर अडचण कमी येते. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीचा आदेश लागू असेल तर मात्र आग्रह धरू नका. भरताना कॅन गाडीच्या डिकीत किंवा स्कूटरच्या पायरीवर ठेवून भरायचा नाही. खाली जमिनीवर ठेवायचा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलंच राहू द्यायचं, म्हणजे घर्षणाची वीज जमिनीत उतरते. नेताना बूच घट्ट, कॅन उभा बांधलेला, काचा खाली. एसटीत किंवा रेल्वेत नेऊ नका.

वादळाचा इशारा आला की रांगा लागतात, वादळानंतर तर पंपच अडतो. पंपालाही वीज लागते. जनरेटर असलेला पंप कोणता हे आजच विचारून ठेवा. मोबाइल टॉवर बंद पडले की यूपीआय आणि कार्ड दोन्ही बंद, एटीएमही कोरडं. दोन-तीन हजार रुपये सुट्या नोटांत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कॅनच्या बिलाबरोबर ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि टँकर वाटेत अडकले, तसं झालं तर येणारं इंधन आधी रुग्णवाहिका आणि बचावपथकांना जातं. चिपळूणसारख्या गावात पंपच बुडालेला असू शकतो. पाण्यात गेलेल्या पंपावरून पहिल्या दिवशी घेऊ नका. टाकीत पाणी शिरलंय का, हे पंपवाला दांडीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून बघतो. ती दाखवायला सांगा, त्यात संकोच नको. रस्त्याकडेला बाटलीत विकलं जाणारं तर अजिबातच नको.

आता जनरेटर, कारण पेट्रोल चांगलं असूनही ऐन वेळी तोच अडतो. दुरुस्तीला येणाऱ्या छोट्या जनरेटरांत बहुतेकांचा रोग एकच असतो: वापरून तसाच ठेवलेला, कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल सुकून जेट, म्हणजे इंधन येण्याचं बारीक भोक, बुजलेला. प्रत्येक वेळी थांबवताना स्विच बंद करू नका. इंधनाचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप मरू द्या. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं भार देऊन चालवा.

एक एचपीची मोटर सुरू होताना चालू असतानाच्या चार-पाचपट करंट घेते. दोन केव्हीएचा जनरेटर तिथे गुडघे टेकू शकतो. बाकी सगळं बंद करून, इंजिन दोन मिनिटं गरम होऊ देऊन, पहिल्यांदा मोटरच लावा. आवाज घुमतोय पण पंखा फिरत नाही असं तीन सेकंदांच्या वर झालं तर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेत नसेल तर तो बिघडलाय असं समजू नका. मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते नॉर्मल किंवा इको मोडवर करा. यूपीएस मोडला व्होल्टेजची खिडकी, म्हणजे चालणाऱ्या व्होल्टेजची मर्यादा, अरुंद असते आणि लहान जनरेटरची हेलकावणारी वीज तो नाकारतो.

जोडणी चेंजओव्हर स्विचमधूनच, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणाऱ्या स्विचमधून. दोन्हीकडे पिन असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालवणारे महाभाग आहेत. ती वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मर तिला हजारो व्होल्टपर्यंत चढवतो आणि खांबावर चढलेला वायरमन जातो. धुराचंही तसंच. जनरेटर घरापासून वीस फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पाऊस लागतो म्हणून पडवीत आणि दारं लावून, असं कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. वर चार बांबूंवर पत्रा टाका, चारही बाजू उघड्या ठेवा.

आग लागते ती बहुतेकदा पेट्रोल ओतताना. बंद करून पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, उजेडात भरा, सायलेन्सरच्या बाजूला उभे राहू नका. शेजारी वाळूची बादली आणि चार किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक. पाणी मारलं तर पेट्रोल त्यावर तरंगत आग आणखी पसरवतं.

स्वयंपाकाचं इंधन पेट्रोलपेक्षा सोपं. गॅस शिळा होत नाही. दोन सिलिंडरचं कनेक्शन घ्या आणि एक संपल्याच्या दिवशीच नंबर लावा, म्हणजे भरलेला एक कायम असतो. पाच माणसांना तो सांभाळून महिनाभर पुरतो. एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही: १४.२ किलोचा भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो. रिकामा पंधरा-सोळा किलो, गॅससकट तीस, आणि तो बाजूला सारतो ते पाणी त्याहून जास्त. पुराची शक्यता असेल तर रेग्युलेटर काढा, सेफ्टी कॅप लावा आणि उभाच खांबाला साखळीने बांधा. पाणी ओसरल्यावर भिजलेला रेग्युलेटर आणि नळी एजन्सीकडून तपासून घेतल्याशिवाय लावू नका. गळतीसाठी १९०६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

लाकूडफाटा हा तिसरा आधार. हिशोबाने एका सिलिंडरइतकं काम साध्या चुलीवर करायला दोनशे किलोच्या घरात वाळलेलं लाकूड लागतं. आठ-दहा दिवसांसाठी पन्नास-साठ किलो पुरे, पण ते मेअखेर छपराखाली गेलेलं हवं. दोन फळकुटं एकमेकांवर आपटून टणक खणखणीत आवाज आला तर वाळलं. धप्प आवाज आला तर नुसता धूर.

पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहून हे वाचणाऱ्यांनी यातलं पेट्रोल वगळावं. सोसायटीच्या गॅलरीत कॅन नको. इन्व्हर्टर, पॉवर बँक, पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि पाण्याचे भरलेले ड्रम, एवढ्यावर तीन-चार दिवस निघतात.

तुमच्यासाठी पुन्हा एकदा थोडक्यात: पत्र्याच्या तीन कॅनमध्ये मिळून चोवीस-पंचवीस लिटर, गाडीची टाकी अर्ध्यावर, दोन महिन्यांनी पालट, दिवसाला तीन तास. आणि मेच्या मध्यावर एका संध्याकाळी मेन स्विच पाडून पूर्ण रात्र याच पद्धतीने काढून बघा, मोटर विहिरीवर लावण्यासकट. त्या दिवशी मोटर उचलली नाही, तर रहाटाची दोरी बदलायला अजून पंधरा दिवस हातात असतील.